मामांची ओवाळणी आणि राज्याचं कर्ज

पत्र : मी सत्तावीस वर्षांची. बार्शी तालुक्यात आईसोबत राहते, खासगी क्लासमध्ये शिकवते आणि राज्यसेवेचा अभ्यास करते. वडील नाहीत. आई शिवणकाम करते. तिला लाडकी बहीण योजनेचे दीड हजार मिळतात; पहिल्या सहा-सात हप्त्यांत थोडी भर घालून तिनं पिको-फॉलचं मशीन घेतलं. भाऊबीजेला मामा आले होते. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत. आईनं ओवाळलं, मामांनी ताटात पाकीट टाकलं आणि म्हणाले, "आता सरकारच भाऊ झालंय तुझा. पण तो भाऊ कर्ज काढून ओवाळणी घालतोय आणि फेडणार तुझी ही पोरगी. माणशी सत्तर हजार झालेत डोक्यावर." पुण्यात नोकरी करणारा माझा चुलतभाऊ तिथंच होता. तो म्हणाला, सरकारचं कर्ज म्हणजे काही घरचं कर्ज नव्हे, सरकार नोटा छापतं, तूट हा नुसता बागुलबुवा आहे. दोघं इरेला पेटले. आई मात्र जेवली नाही. मामांचं पाकीट अजून देवघरात तसंच आहे. दोन दिवसांनी मला म्हणाली, "अर्ज मागे घ्यायचा तर कुठं जायचं ते बघ." एवढा अभ्यास करून मला दोघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. खरं कुणाचं? आणि आईला काय सांगू?

उत्तर :

प्रिय लेकी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी आईचं बघू, कारण कर्जाचा वाद पन्नास वर्षं चालला आहे आणि अजून पन्नास चालेल. आई मात्र आज उपाशी बसली आहे.

तिला सांग, अर्ज मागे घ्यायचा नाही. वय एकवीस ते पासष्टच्या दरम्यान, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात आयकर भरणारं कुणी नाही, सरकारी नोकरी किंवा पेन्शन नाही, दारात चारचाकी नाही, दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढीच रक्कम येत नाही. हे सगळं तुमच्या घराला लागू असेल तर ते पैसे तिचे आहेत. विधिमंडळानं मंजूर केलेल्या खर्चातून ते येतात, कुणाच्या मेहेरबानीतून नाही. यातली एखादी अट बसत नसेल, तर मात्र कुणी टोमणा मारण्याची वाट न बघता सोडून द्यावेत. पण लाज वाटली म्हणून सोडू नयेत. तिच्या दीड हजारांनी राज्य बुडत नाही आणि तिनं ते सोडल्यानं तरतही नाही.

आता तुझा प्रश्न. मी नोकरीचा बहुतेक काळ जिल्हा कोषागारात काढला. सरकारचा पैसा नेमका कधी असतो आणि कधी नसतो, हे मी बिलांच्या गठ्ठ्यावरून ओळखायला शिकले. त्या अनुभवावरून सांगते. मामा एका बाबतीत बरोबर आहेत, तुझा भाऊ दुसऱ्या एका बाबतीत बरोबर आहे. पण मामा बोलत होते महाराष्ट्र सरकारबद्दल आणि भाऊ उत्तर देत होता दिल्लीच्या सरकारबद्दल. त्या दिवशी तुमच्या घरात दोन वेगवेगळ्या सरकारांवरून एकच भांडण झालं.

मामांच्या सत्तर हजारांपासून सुरुवात करू. आकडा खोटा नाही. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पाप्रमाणे मार्च २०२६ अखेर महाराष्ट्रावर साधारण ९ लाख ३२ हजार कोटींचं कर्ज असेल असा अंदाज होता. तेरा कोटी लोकांनी भागलं की सत्तर हजारांच्या वर जातं. हा भागाकार मनाला चटका लावतो, पण त्यातून कळत काही नाही. तुमच्या शेजारच्यावर पाच लाखांचं कर्ज आहे एवढंच मी तुला सांगितलं, तर तू काय म्हणशील? आधी विचारशील, त्याची मिळकत किती? महाराष्ट्रात वर्षभरात जेवढं उत्पन्न तयार होतं, त्याच्या १९ टक्क्यांच्या आत हे कर्ज आहे. मर्यादा २५ टक्क्यांची मानली आहे. पंजाबात हेच प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेलेलं आहे. तेव्हा कर्जाच्या नुसत्या आकाराकडे बघून महाराष्ट्र बुडाला म्हणणं बरोबर नाही.

तरी मामांची काळजी मी झटकून टाकणार नाही, कारण ती एका खऱ्या जागी जाऊन लागते. फक्त त्यांनी बोट दुसऱ्या आकड्यावर ठेवायला हवं होतं. त्याच अर्थसंकल्पात राज्याची वर्षाची कमाई, म्हणजे महसुली जमा, सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी धरली आहे आणि रोजचा खर्च, म्हणजे महसुली खर्च, सुमारे ६ लाख ७ हजार कोटी. फरक ४५ हजार ८९१ कोटींचा. ही महसुली तूट. राजकोषीय तूट वेगळी, म्हणजे सगळ्या खर्चासाठी मिळून वर्षभरात जेवढं कर्ज काढावं लागतं ते; ती १ लाख ३६ हजार कोटींची. तू परीक्षेसाठी या दोन्ही व्याख्या पाठ केल्या असशील, पण गावात त्याला सोपे शब्द आहेत. विहीर खोदायला सोसायटीचं कर्ज काढलं तर ते एक कर्ज. आणि किराण्याची उधारी थकली, ती द्यायला कर्ज काढलं तर ते दुसरं. दोन्हींचं व्याज सारखंच चढतं, पण पहिल्यात पाणी लागायची आशा असते. महसुली तूट म्हणजे किराण्याची उधारी. ती वर्षानुवर्षं चालू राहिली तर राज्य कितीही श्रीमंत असो, चिंता करायलाच हवी.

इथं कुणीही पटकन म्हणेल की लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी ठेवलेत, तूट ४६ हजार कोटींची, म्हणजे झालं की सिद्ध! मामांच्या मनातही हाच हिशेब असणार. पण तिजोरीतल्या रुपयावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. कराचा पैसा, कर्जाचा पैसा, दिल्लीहून आलेला पैसा सगळा आधी राज्याच्या एकत्रित निधीत पडतो आणि तिथून बाहेर जातो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं माफ केलेलं वीजबिल त्यातूनच जातं, आमदारांचे भत्ते त्यातूनच, मामांचं पेन्शन त्यातूनच आणि माझंही. पगार, पेन्शन आणि व्याज या तिघांतच राज्याच्या कमाईतला निम्म्याहून जास्त पैसा संपतो. मग कर्जाचा रुपया नेमका कुणाच्या ताटात पडला? शेवटी आलेल्या पाहुण्याकडे बोट दाखवून 'याच्यामुळं भाजी संपली' म्हणायचं, तसला तो न्याय आहे.

हे वाचून तुला मोह होईल, की मामांना त्यांच्या पेन्शनवरून सुनवावं. नको. ते पेन्शन त्यांनी चाळीस वर्षं पोरांना शिकवून मिळवलंय. एकमेकांच्या ताटाकडे बघायला लागलो, की ताटं वाढणारा बाजूलाच राहतो.

उलट मामांच्या नोकरीतूनच तुला एक गोष्ट त्यांना समजावता येईल. सरकारी हिशेबात शाळेची इमारत बांधली तर तो भांडवली खर्च. त्या इमारतीत मुलांना बाराखडी शिकवणाऱ्या गुरुजींचा पगार हा महसुली खर्च. भांडवली म्हटलं की सगळे माना डोलावतात, महसुली म्हटलं की उधळपट्टीचा वास येतो. मामांनी आयुष्यभर जे केलं ते सरकारच्या वहीत कायम 'रोजचा खर्च' म्हणूनच लिहिलं गेलं. तुझ्या आईच्या हप्त्यांचंही तसंच. राज्याच्या वहीत ती खैरात दिसते आणि तुमच्या घरात तिचं पिको-फॉलचं मशीन झालं. प्रत्येक घरात मशीन होतं असं मी म्हणत नाही. पण वहीतल्या रकान्यावरून खर्चाची किंमत ठरवू नये, एवढं तुझ्या घरातच दिसतंय.

आणि भांडवली खर्च म्हणजे चांगलाच, हेही खरं नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग कर्ज काढून झाला आणि त्यानं प्रवास पालटला; त्या कर्जाला कुणी नावं ठेवत नाही. पण १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, ते आठव. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं दिलेलं पाणी २००० सालापर्यंत अडवायचं म्हणून घाई होती. महामंडळानं रोखे काढून बाजारातून पैसा उभा केला, हमी राज्य सरकारची. एकाच वेळी भरमसाट धरणं आणि कालवे सुरू झाले, पैसा सगळीकडे थोडा थोडा वाटला गेला आणि कितीतरी कामं वर्षानुवर्षं अर्धवट राहिली. व्याज मात्र वेळेवर सुरू झालं. तुमच्या जिल्ह्यात कोरडे कालवे बघितलेली माणसं भेटतील, त्यांना विचार. माझ्या मते तुमच्या पिढीवर खरा बोजा पडला तो असल्या कर्जाचा, कारण तुमच्या हाती व्याज आलं आणि पाणी आलं नाही.

आता तुझ्या भावाकडे वळते. 'सरकार म्हणजे घर नव्हे' हे त्याचं वाक्य केंद्र सरकारच्या बाबतीत बरंचसं खरं आहे. घरातला कर्ता निवृत्त होतो, सरकार होत नाही. जुनं कर्ज मुदत संपली की नव्या कर्जातून फिरवता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सरकारचा खर्च हा दुसऱ्या कुणाचं तरी उत्पन्न असतो. सगळ्या घरांनी एकदम हात आखडला आणि सरकारनंही आखडला, तर दुकानं ओस पडतात, कारखाने थांबतात, कर घटतो आणि तूट उलट वाढते.

हे मी पुस्तकातून नाही, २०२० साली समोर बघितलं. टाळेबंदीत मुद्रांक शुल्क थांबलं, पेट्रोलचा कर आटला, जीएसटी कोसळला. महाराष्ट्रानं मार्चचा पगार दोन टप्प्यांत दिला. मे महिन्यात आदेश निघाला, की योजनांसाठी ठेवलेल्या रकमेतले ३३ टक्केच खर्च करायचे, नवी कामं घ्यायची नाहीत. ज्या वर्षी लोकांना सरकारची सगळ्यात जास्त गरज, त्याच वर्षी राज्याला मूठ आवळावी लागली. त्याच वर्षी केंद्रानं काय केलं? तूट जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर जाऊ दिली. कमी केलं का जास्त, यावर वाद घालता येईल, पण ऐंशी कोटी लोकांना माणशी पाच किलो फुकट धान्य देणं त्या तुटीतूनच जमलं. बार्शीतही रेशनच्या रांगा लागल्या असतील. ती तूट नको होती असं मला मामांनीसुद्धा म्हणून दाखवावं.

एक सरकार खर्च वाढवू शकलं आणि दुसऱ्याला तो कापावा लागला. असं का? रुपया केंद्राचा आहे. रिझर्व्ह बँक केंद्राच्या पाठीशी आहे. राज्याला नोट छापता येत नाही, आणि संविधानाच्या कलम २९३ मुळं केंद्राचं जुनं कर्ज शिल्लक असेपर्यंत केंद्राच्या संमतीशिवाय नवं कर्जही काढता येत नाही. किती काढायचं याचं माप केंद्र दरवर्षी ठरवून देतं. म्हणून महाराष्ट्र सरकारची गत पुष्कळशी घरासारखीच आहे. भावाला हे सांग. त्याचं तत्त्व खरं आहे, फक्त त्यानं ते मुंबईच्या मंत्रालयाला लावायला नको होतं.

आणि 'नोटा छापतं' हे तो ज्या सहजतेनं म्हणाला, तितकं सहज तेही नाही. १९५५ पासून तशी सोय होती. केंद्राची शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली, की रिझर्व्ह बँक आपोआप तात्पुरत्या हुंड्या घेऊन पैसा द्यायची. तात्पुरत्या म्हणून सुरू झालेल्या त्या हुंड्या चाळीस वर्षं साचत गेल्या. असा पैसा बाजारात आला, की तेल-डाळ महागते, आणि महागाई हा असा कर आहे जो विधानसभेत मांडावा लागत नाही. तो सगळ्यात आधी तुझ्या आईसारख्या बाईकडून वसूल होतो, जिचे शिलाईचे दर वर्षभर वाढत नाहीत. १९९७ मध्ये ती सोय बंद झाली, ते बरं झालं. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यानं सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेनं सरकारकडून थेट विकत घेण्यावरही बंधन आणलं.

याच कायद्यानं केंद्राची तूट जीडीपीच्या तीन टक्क्यांवर आणायचं ठरवलं होतं. विधेयक वाजपेयी सरकारनं आणलं, अंमल मनमोहन सिंग सरकारच्या काळात सुरू झाला, म्हणजे दोन्ही बाजूंची त्यावर सही आहे म्हण. आणि तूट तीन टक्क्यांच्या आत आली ती फक्त एकदा, २००७-०८ साली. त्यानंतर जागतिक मंदी आली, मग निवडणुका, मग कोरोना. प्रत्येक वेळी कारण होतं आणि काही कारणं खरीही होती. पण परिणाम बघ. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात व्याजापोटी १२ लाख ७६ हजार कोटी धरले होते. म्हणजे केंद्राला मिळणाऱ्या महसुलाच्या प्रत्येक रुपयातले सदतीस पैसे नुसत्या व्याजाला. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण अकरा-बारा पैसे आहे. घरात सगळे राज्याच्या कर्जावरून भांडले, पण व्याजाचं ओझं दिल्लीवर कितीतरी जास्त आहे. केंद्र ते पेलू शकतं, कारण रुपया त्याचा. पण पेलता येतं म्हणून ते फुकट होत नाही. त्या सदतीस पैशांतून दवाखाना होत नाही आणि शिक्षकही नेमता येत नाही.

मामांनी १९९१ च्या सोन्याचा विषय काढला होता का? पत्रात नाही, पण त्यांच्या वयाची माणसं हमखास काढतात, आणि त्यांच्या मनातली भीती मला समजते. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतल्या तिजोरीतून ४७ टन सोनं गहाण ठेवायला विमानानं परदेशी गेलं. दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. ती नामुष्की माझ्या पिढीच्या अंगावर गोंदल्यासारखी आहे. पण तेव्हा आपण अडलो ते डॉलरसाठी. ऐंशीच्या दशकातल्या वाढत्या तुटीनं त्याला हातभार लावला हे खरं, तरी अडचण परकी चलनाची होती. २०२२ मध्ये श्रीलंका कोसळली ती त्याच वाटेनं. आज भारत सरकारचं बहुतेक सगळं कर्ज रुपयांत आहे आणि देशातल्याच लोकांचं आहे.

देशातले लोक म्हणजे कोण, हे आईला सांगितलंस तर तिलाही नवल वाटेल. बँका, एलआयसी, भविष्य निर्वाह निधी हेच सरकारी रोख्यांचे मोठे धनी. बहुतेक मंगळवारी रिझर्व्ह बँक राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव करते, तेव्हा ते घेणारे हेच. मामांची विम्याची पॉलिसी असेल, बँकेत ठेव असेल, तर त्यातले काही रुपये सरकारला उसने दिलेलेच आहेत. म्हणजे मामा राज्याचे कर्जदार आहेत तसे सावकारही आहेत. 'पोरांच्या डोक्यावर कर्ज' म्हणताना त्या कर्जाचे रोखेही पोरांकडेच राहतात, हे विसरायला नको. फक्त सगळ्या पोरांकडे नाही, आणि मला यातलं सगळ्यात टोचतं ते हेच. व्याज मिळतं ज्यांच्याकडे शिल्लक आहे त्यांना. जीएसटी मात्र आई दोऱ्याच्या रिळावरही भरते.

मग हे सगळं भांडण आहे कशाचं? माझं मत तुला सरळ सांगते. तूट किती असावी हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा, की खर्चाचं वचन दिलं जातं तेव्हा तो कोण भरणार हे त्याच तोंडानं सांगितलं जातं का?

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीनं दीड हजारांचे २१०० करू म्हटलं, महाविकास आघाडीनं ३००० देऊ म्हटलं. पैसा कुठून आणणार, कुठला कर वाढवणार, कुठला खर्च थांबवणार, हे मतं मागताना कुणी धडपणे सांगितलं नाही. आज विरोधात बसलेले कर्जाचा आकडा सांगतात, उद्या सत्तेत आले तर 'प्रमाण मर्यादेत आहे' म्हणतील. दोन्ही वाक्यं खरी असतात आणि दोन्हींत मुख्य गोष्ट गाळलेली असते.

आपल्याच राज्यात हे वेगळ्या पद्धतीनं झालेलं आहे, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. १९७२ चा दुष्काळ मामांना नक्की आठवत असेल. सोलापूर जिल्ह्यात बायाबापे खडी फोडायला, नालाबंडिंगला गेले. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली, वि. स. पागे यांच्या चिकाटीनं. काम मागेल त्याला काम, असा कायदाच झाला. पण पैशाचं काय केलं? १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदारानं आणि धंदेवाल्यानं दर महिन्याला थोडं द्यायचं, त्यातून दुष्काळी गावातल्या माणसाला काम मिळायचं. जोडीला आणखी काही अधिभार आणि राज्याचा आपला वाटा. गरिबाला हक्क दिला आणि ज्याला झेपतं त्याला बिल दिलं, दोन्ही उघडपणे. व्यवसाय कर अजून चालू आहे. महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. पुण्यातल्या नोकरीत तुझ्या भावाच्या पगारपत्रकात तो कापलेला दिसेल. त्याला बघायला सांग.

दीड हजारांची योजना आली तेव्हा असंच कुणीतरी उठून म्हणायला हवं होतं, की वर्षाला इतके हजार कोटी लागतील, त्यासाठी अमुक कर वाढवतो, तमुक सवलत काढून घेतो, तयार आहात का? लोक तयार झाले असते असं मला मनापासून वाटतं. रोजगार हमीला झालेच होते. ते विचारलं गेलं नाही, म्हणून आज त्याचा जाब कुणीतरी भाऊबीजेच्या ताटासमोर एका शिवणकाम करणाऱ्या बाईला विचारतो. तिथं विचारण्यासारखा तो प्रश्नच नव्हता.

तू राज्यसेवेत जाऊ बघतेस म्हणून आणखी थोडं, अभ्यासाच्या पुस्तकात नीट येत नाही ते. कर्जाचा जाहीर आकडा म्हणजे सगळं कर्ज नव्हे. काम करून बसलेल्या ठेकेदाराचं बिल सरकारनं वर्षभर थकवलं, तर ते कर्जच असतं, फक्त त्या आकड्यात दिसत नाही. व्याज ठेकेदार भरतो, बँकेला किंवा खासगी सावकाराला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोषागाराच्या व्हरांड्यात बसलेल्या त्या माणसांचे चेहरे मी विसरलेले नाही. तसंच महामंडळांना दिलेल्या हमीचं. आणि पुरवणी मागण्यांचं, म्हणजे अर्थसंकल्प झाल्यावर वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा पैशांचं. मार्च २०२५ मध्ये सात लाख कोटींचा अर्थसंकल्प झाला आणि त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनातच साडेसत्तावन्न हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. तेव्हा अर्थसंकल्पाच्या दिवशीच्या भाषणापेक्षा 'अर्थसंकल्प संक्षेपात' ही छोटी पुस्तिका उघड. महसुली तूट, व्याज, हमी आणि मग पुरवणी मागण्या, एवढं दरवर्षी बघत गेलीस तर कुठल्याही पक्षाच्या प्रवक्त्याला तू प्रश्न विचारू शकशील. मुलाखतीतही त्याचा उपयोग होईल, पण ते नंतरचं.

मामांशी बोलायचं ते फोनवर नको, समोर बस. सुरुवात त्यांच्या बरोबर असलेल्या गोष्टीनं कर. म्हण, 'मामा, रोजच्या खर्चाला कर्ज काढणं वाईट, हे तुमचं पटलं.' मग विचार, की पाच वर्षांपूर्वी हाच हिशेब कसा होता आणि तेव्हा कोण होतं? ज्यांनी २१०० आणि ३००० ची बोली लावली, त्यांच्यापैकी कुणाला त्यांनी हा प्रश्न विचारला का? रोजगार हमीचंही काढ. त्या पिढीला त्याचा अभिमान असतो, आणि असायलाच हवा. आयुष्यभर शिकवणारा माणूस आहे, हिशेब समोर ठेवला तर ऐकेल. नाहीच ऐकलं तरी, आईला बोललेलं मला लागलं, एवढं तू त्यांना सांगू शकतेस. त्यासाठी अर्थशास्त्र लागत नाही.

आईला ते पाकीट उघडायला लाव. भावानं घातलेलं आहे, देवघरात पडून राहू नये. आणि मामींच्या दोन-चार साड्या पिकोच्या राहिल्या असतील तर मागवून घ्या. आईच्याच हातानं करून होऊ देत, आणि मामा न्यायला आले की मशीन कशातून आलं ते तिलाच सांगू दे.